फसलेले छायाचित्र

सह्याद्रीच्या माथ्यावर, कर्नाटक आणि गोवा यांच्या सीमेजवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात दिग्गी नावाचे एक खेडे आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला आणि आज कर्नाटकात आहे. भोवताली दाट अरण्य, पावसाळ्यात दिवसचे दिवस न हटणारे धुके, काळी नदीला जन्म देणाऱ्या डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या कुशीत विखुरलेली कुणब्यांची घरे, असा हा मुलूख आहे. कोंकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा येथील माणसांच्या कानांवरून गेलेल्या असतात. भात आणि सुपारी यांच्या जोडीला येथे मुडलीसारखे कंद पिकतात, आणि जोयड्याला भरणाऱ्या कंदांच्या मेळाव्यामुळे अलीकडे दूरदूरचे लोकही या भागात येऊ लागले आहेत.

अशा ठिकाणी जाऊन आलेला मनुष्य फोनमध्ये शे-दोनशे छायाचित्रे भरून आणतो. घरी परतल्यावर निवांतपणे ती पाहू लागला, की त्याचा विरस होतो. डोळ्यांनी पाहिलेली दिग्गी त्यांत सापडत नाही. आकाश पांढरेफटक, झाडी काळवंडलेली, ओसरीच्या दारात उभ्या असलेल्या आजीचा चेहरा सावलीत बुडालेला, साऱ्या चित्रावर एक आजारी हिरवट छटा, आणि ओसरीचा खांब मद्यप्याप्रमाणे एका अंगाला कललेला! दोष फोनचा म्हणावा, तर फोन चांगला महागाचा असतो. बहुतेक लोक असे छायाचित्र तत्काळ पुसून टाकतात, आणि ती घाई बहुधा चुकीची असते. फसलेल्या छायाचित्रांपैकी पुष्कळशी दहा-पंधरा मिनिटांच्या शांत कामाने सुधारता येतात, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर आज विनामूल्य मिळते. मात्र ही दुरुस्ती कोठवर न्यावी, हा प्रश्न दुरुस्ती कशी करावी या प्रश्नाहून अधिक अवघड आहे. पाहुण्याच्या दृष्टीने ते दोनशेंतील एक छायाचित्र असते. ज्या घराच्या दारात ते घेतले, त्या घरात त्या आजीचे दुसरे धड छायाचित्र नसण्याचा संभव असतो. म्हणजे पाहुणा फोनच्या पडद्यावर बोट फिरवून जे करील, तेच पुढे नातवंडांच्या लेखी आजीचे रूप ठरणार असते.

प्रथम, छायाचित्र फसते का, हे समजून घेतले पाहिजे. मनुष्याचा डोळा एका जागी स्थिर राहून पाहत नाही. तो आकाशाकडे वळला, की बाहुली आकुंचन पावते. ओसरीच्या आतल्या अंधाराकडे वळला, की ती विस्फारते. आणि या अनेक दर्शनांतून मेंदू एक सलग चित्र तयार करतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याने एका क्षणी, एकाच मापाने प्रकाश आत घ्यायचा असतो. ढगाळ दिवशीदेखील उघडे आकाश आणि घराच्या आतला कोपरा यांच्या उजेडात शेकडो पटींचे अंतर सहज पडते. शिवाय कॅमेऱ्यातील प्रकाशमापक सामान्यतः असे गृहीत धरून चालतो, की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी असावी. चौकटीत आकाश मोठे आले, की तो बिचकून सगळेच चित्र काळोखे करतो. त्यात आजीचा चेहरा बळी पडतो. उलट म्हैस जवळून टिपली, तर तिच्या काळ्याभोर अंगाला तो राखेचा रंग देतो. यात यंत्राचा खोडसाळपणा काही नाही. त्याला काळे, गोरे, धुके, धूर यांचा अर्थ कळत नाही, इतकेच.

पांढऱ्या आकाशाचे हे दुखणे छायाचित्रणाच्या जन्मापासूनचे आहे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फाजील संवेदनक्षम असत. त्यामुळे जमीन नीट उमटली, की आकाश कोरे पडे. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास समुद्राची जी प्रसिद्ध छायाचित्रे तयार केली, त्यांतील काहींत आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन काचा क्षितिजाच्या रेषेवर जोडलेल्या आहेत. खुद्द मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तेव्हाच या कलेत रमले होते. त्याच मुंबईतील विल्यम जॉन्सन याने येथील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पाठीमागची इमारत किंवा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, अशी जोडणी आहे. तेव्हा ‘पूर्वीची छायाचित्रे खरी असत, संगणकाने खोटेपणा आणला’ हा समज टिकणारा नाही. अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स याने 1941 साली एका खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्याच निगेटिव्हच्या प्रती तो पुढे अनेक वर्षे काढीत राहिला, आणि उत्तरोत्तर त्यांतील आकाश अधिकाधिक गडद होत गेले. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाच्या झोताखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून कागदाचा एक भाग उजळ ठेवायचा आणि दुसरा काळा करायचा, हे हातकाम तेव्हा वर्षानुवर्षांच्या सरावाने साधे. आज तेच काम बोटाच्या एका ओढीने होते. सोपेपणा वाढला, तसा अतिरेकही वाढला, हे ओघानेच आले.

साधनांविषयी फार चर्चा करण्याचे कारण नाही. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि त्याचे नाव तर क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले. परंतु ते विकत घ्यावे लागते आणि नवशिक्याला त्यातील दहावा हिस्साही लागत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली सुरू केलेले जिम्प विनामूल्य असून संगणकावर काम करणाऱ्यास पुरून उरते. फोनवर काम करावयाचे, तर 2011 साली निघालेले आणि पुढच्याच वर्षी गूगलकडे गेलेले स्नॅपसीड हे आरंभासाठी उत्तम. ते विनामूल्य आहे, आणि एकदा फोनमध्ये उतरवून घेतले, की जंगलात संपर्क तुटला तरी चालते. कोणतेही साधन निवडले, तरी पहिला नियम एकच: मूळ छायाचित्राला हात लावू नये. त्याची प्रत करावी आणि सारे प्रयोग प्रतीवर करावेत.

काम हाती घेतल्यावर प्रथम चौकट पाहावी. ओसरीचा खांब सरळ उभा करावा. डोंगराचा उतार तिरपा असणारच, त्याला आडवा करण्याच्या खटपटीत पडू नये. खांब, दाराची चौकट, तुळशीवृंदावनाची कड अशा माणसाने ओळंब्यात बांधलेल्या वस्तूंवरून माप घ्यावे. मग अनावश्यक भाग कापावा. पांढऱ्या आकाशावरचा सर्वांत परिणामकारक उपाय पुष्कळदा हाच असतो. ज्या आकाशात ढगाची एक रेघही उमटलेली नाही, ते निम्मे छाटून टाकले, म्हणजे चित्राचा अर्धा रोग बरा होतो. कात्री मात्र जपून चालवावी. कडेला आलेले सुपारीचे सोप, टांगलेली कोयती, कोंबडी यांना कचरा समजून कापणारे संपादक थोडे नाहीत. वस्तुतः ते घर कोणाचे, हे त्यांच्यामुळेच तर कळते.

यानंतर उजेड. येथे हिस्टोग्राम नावाचा छोटासा आलेख पाहण्याची सवय जडवून घेतली, तर निम्मी विद्या हाती आलीच म्हणावयाची. त्याच्या डाव्या टोकाला काळे, उजव्या टोकाला पांढरे, आणि मधल्या उंचवट्यांवरून चित्रात कोणत्या छटेचे किती ठिपके आहेत, ते समजते. फोनमधील नेहमीचे जेपेग चित्र प्रत्येक रंगाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या जाणते. आकाशाचा भाग 255 या शेवटच्या पायरीवर जाऊन आदळला असेल, तर तेथे काहीच नोंदलेले नसते. हायलाइट्सची कळ कितीही खाली ओढली, तरी कोऱ्या पांढऱ्याचे कोरे करडे होते, ढग उगवत नाहीत. सावलीचे तसे नसते. काळोखात बुडालेल्या चेहऱ्यात बहुधा काहीतरी नोंद झालेली असते, आणि शॅडोजची कळ हळूहळू वर नेली, की दारातल्या अंधारातून प्रथम गाल, मग डोळे, मग पाठीमागची भिंत अशी एकेक वस्तू वर येऊ लागते. जुन्या निगेटिव्ह फिल्मचा न्याय नेमका उलटा होता. तिच्यात उजळ भाग पुष्कळ तग धरी आणि सावल्या हरवत. म्हणून फिल्मवर हात बसलेल्या वडीलधाऱ्यांचा ‘थोडा उजेड जास्तच घ्यावा’ हा सल्ला आजच्या कॅमेऱ्याला लागू पडत नाही.

सावली वर ओढण्यालाही किंमत पडते. अंधाऱ्या भागात प्रकाश थोडा, म्हणून नोंदही तोकडी. ती ताणली, की चित्रावर रवाळ दाणे दिसू लागतात. यासाठी ज्यांच्या कॅमेऱ्यात रॉ प्रकाराने चित्र साठविण्याची सोय आहे, त्यांनी दिग्गीसारख्या गर्द रानात ती अवश्य वापरावी. 12 बिटांच्या रॉ नोंदीत 4096 आणि 14 बिटांच्या नोंदीत 16384 पायऱ्या असतात. ताणायला कापड जितके भरगच्च, तितके ते विरत नाही. शिवाय सगळे चित्र उजळविण्याऐवजी केवळ चेहऱ्यावर एक बिंदू ठेवून तेवढाच भाग उचलावा. स्नॅपसीडमध्ये ही सोय आहे. अॅडम्सच्या हातातील पुठ्ठ्याचा तुकडा तो हाच.

धुक्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी, कारण या मुलखात पावसाळी छायाचित्रे सर्वांत जास्त बिघडतात ती येथेच, आणि तीही काढताना नव्हे, सुधारताना. धुक्यातल्या चित्राचा हिस्टोग्राम मध्यभागी गोळा होऊन बसलेला असतो. ना काळे, ना पांढरे. आपोआप सुधारणा करणारी कळ दाबली, की यंत्र त्या आलेखाला दोन्ही टोकांपर्यंत ताणते. काही सॉफ्टवेअरांत तर धुके हटविण्यासाठी वेगळी कळच असते. क्षणार्धात पलीकडचा डोंगर धारदार होतो, झाडे काळी कुळकुळीत होतात, आणि आषाढातील दिग्गीची सकाळ मार्गशीर्षातील दुपार होऊन बसते. मग छायाचित्र कशाचे काढले होते? धुके हा तेथे दोष नव्हता, तोच विषय होता. अशा चित्रात जवळची एखादी वस्तू, उदाहरणार्थ भिजलेले खोड किंवा कुंपणाचा खांब, तेवढी किंचित गडद करावी, आणि बाकीचे धुके धुकेच राहू द्यावे. डोळ्याला एक काळे सापडले, की करड्याची खोली आपोआप कळते.

आता तो हिरवा रंग. दाट झाडीखाली पडणारा प्रकाश पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून उसळलेला असतो, म्हणून त्यात हिरव्याचे आधिक्य असते. मेंदू ते आधिक्य वजा करून पाहतो. कॅमेरा इमानाने नोंदवितो आणि गव्हाळ चेहरा शेवाळलेला दिसतो. व्हाइट बॅलन्सच्या दोन कळा यावर उपयोगी पडतात. एक निळ्या-पिवळ्याचा तोल सांभाळते, दुसरी हिरव्या-जांभळ्याचा. दुसरी किंचित जांभळ्याकडे सरकविली, की चेहऱ्यात रक्त येते. किती सरकवावी, हे ठरविण्यासाठी चित्रात पांढरी अथवा करडी असल्याची खात्री असलेली वस्तू शोधावी: चुन्याने सारवलेले वृंदावन, धुतलेले धोतर, सुपात पसरलेले तांदूळ. ती वस्तू आपल्या मूळ रंगाची दिसू लागली, की थांबावे. परंतु हा नियम सायंकाळी पाळू नये. दुपारचे ऊन सुमारे 5500 केल्विनचे, तर तेलाच्या दिव्याची ज्योत सुमारे 1900 केल्विनची. दिव्यापुढचा चेहरा पिवळसर तांबूस दिसणारच, आणि तो तसाच दिसला पाहिजे. देवघरातील समईचा उजेड कचेरीतील ट्यूबलाइटसारखा पांढरा करून दाखविणाऱ्या संपादनाला सुधारणा म्हणता येत नाही.

सॅच्युरेशन या कळेचा उल्लेख केवळ सावधगिरीसाठी. पावसात न्हालेली सह्याद्रीची हिरवाई मुळातच एवढी उग्र असते, की तिला आणखी चढविण्याची गरज नाही. उलट ती थोडी उतरविली, तर हिरव्यांतले हिरवे वेगळे दिसू लागते. भाताचे निराळे, सुपारीचे निराळे.

काही छायाचित्रे सुधारत नाहीत, हेही मान्य करावे. हात हलून चित्र फराटले असेल, किंवा नजर चुकून चेहऱ्याऐवजी मागची भिंत स्पष्ट आली असेल, तर धार वाढविणारी कळ फारसे काही करीत नाही. ती कडांच्या दोन्ही बाजूंचा काळा-पांढरा भेद वाढविते, एवढेच; नसलेला तपशील ती आणू शकत नाही. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तो तपशील आणल्यासारखे दाखवितात. ती पुसट चेहऱ्यावर पापण्या उमटवितात, दातांच्या फटी भरतात, केसांना केस जोडतात. परंतु हे सारे त्या माणसाचे नसते. ज्या लक्षावधी चेहऱ्यांवर ते यंत्र शिकविले गेले, त्यांची ती सरासरी असते. 2020 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचे ठिपकेदार, पुसट चित्र दिले असता तिने त्यातून एक गोरा चेहरा घडविला, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. जगातल्या अत्यंत परिचित चेहऱ्याची ही गत, तर दिग्गीच्या आजीला यंत्राने काय म्हणून ओळखावे!

चेहरा सुधारण्याचा प्रश्न मात्र केवळ यंत्राचा नाही. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसण्याची आणि वर्ण उजळविण्याची चाल होती. गिऱ्हाइकाला ते हवे असे, आणि कारागीर ते निष्ठेने करी. रंगीत छायाचित्रणाच्या काळात कोडॅक कंपनीने प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी जी नमुन्याची कार्डे दिली, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या वर्णाची स्त्री असे. त्यामुळे सावळ्या त्वचेच्या छटा नीट न उतरण्याची तक्रार अनेक वर्षे राहिली. आज फोनमधील सौंदर्यवर्धक फिल्टर हीच परंपरा पुढे चालवितात, आणि पुष्कळ फोनांत ते न सांगताच चालू असतात. ते त्वचा गुळगुळीत करतात, रंग दोन पायऱ्यांनी उतरवितात. कपाळावर किंवा हनुवटीवर हिरवे गोंदण असेल, तर डाग समजून तेही फिके करतात. गोंदण हा डाग नव्हे. ती स्त्री लहानपणी कोणापुढे तरी बसली, तिने सुईच्या वेदना सोसल्या आणि ती खूण जन्मभर मिरविली. तिच्या अंगावरचे हे एकच भूषण असे आहे, की ते गहाण पडू शकत नाही.

तेव्हा चेहऱ्यावर काम करताना क्षणिक काय आणि कायमचे काय, हा भेद करावा. नाकावर बसलेली माशी, लेन्सवर पडलेल्या पावसाच्या थेंबाचा गोल डाग, पानांतून आलेला उन्हाचा चट्टा हे क्षणिक. हीलिंगच्या साधनाने ते खुशाल काढावेत. सुरकुती, गोंदण, पडलेला दात, उन्हाने रापलेला वर्ण यांना हात लावू नये. आणि सावळा चेहरा उजेडात आणताना तो गोरा होऊ लागला, की कळ मागे घ्यावी. चेहऱ्याच्या छटा दिसाव्यात, एवढाच त्या कळेचा हेतू. शंका आली, तर हाताच्या रंगाशी चेहऱ्याचा रंग ताडून पाहावा. हात कोणी सहसा सुधारीत नाही.

वस्तू हलविण्याच्या बाबतीत तर मोठमोठ्यांचीही चूक झालेली आहे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने फेब्रुवारी 1982 च्या अंकाच्या उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून आडव्या छायाचित्रातील इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकविले. त्यावर गहजब झाला, आणि पुढे मासिकाच्या संपादकांनाच ते गैर वाटले. आज विजेची तार, प्लास्टिकची बादली किंवा छपरावरची ताडपत्री चित्रातून नाहीशी करणे हा पोरखेळ झाला आहे. रानातले घर ‘अस्सल’ दिसावे म्हणून पाहुणे ती हमखास काढतात. ज्या घरात वीज यावी म्हणून माणसांनी वाट पाहिली, त्या घराच्या चित्रातून तार पुसणे हे घरच्यांना विचारल्याशिवाय तरी करू नये. त्यांना बहुधा ती चित्रात हवी असते.

काम संपले, असे वाटले म्हणजे फोन बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मूळ व सुधारलेली अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी पाहाव्यात. रात्रीच्या अंधारात पडदा डोळ्यांना भगभगीत वाटतो आणि चित्र गरजेपेक्षा काळे राखले जाते. सकाळच्या उजेडात ती चूक लगेच दिसते.

शेवटी ते चित्र दिग्गीला पोचले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र आकसून लहान होते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले, तर जसेच्या तसे जाते. परंतु फोनवर आलेले चित्र फोनबरोबरच हरवते, म्हणून कागदावरची प्रत काढून द्यावी हे उत्तम. 12 मेगापिक्सेलच्या चित्रात साधारण 4000 गुणिले 3000 ठिपके असतात. इंचाला 300 ठिपके या हिशेबाने त्याची 13 गुणिले 10 इंचांपर्यंतची प्रत स्वच्छ निघते. भरपूर छाटले असेल, तर त्या मानाने लहान आकार घ्यावा. छपाई पडद्यापेक्षा नेहमी थोडी काळसर उतरते, तेव्हा छापावयाच्या प्रतीला उजेड किंचित अधिक द्यावा. या भागातील पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो बुरशीने हमखास खराब होतो. यासाठी फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून घ्यावी, आणि मातीच्या भिंतीची ओल लागू नये म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत. मागच्या पुठ्ठ्यावर आजीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि न सुधारलेल्या मूळ चित्राची एक लहान प्रत पाकिटात घालून त्याच पुठ्ठ्याला आतून लावून द्यावी.